खोलात जा

जगण्याचा हेतू शोधायची वही रेणुकादासांच्या नांदेडच्या घरी एका मंगळवारी कुरियरनं आली. निळा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं, आत प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकेक प्रश्न छापलेला. पहिल्या पानावर होतं, ‘आज डोळे उघडल्याबरोबर तुम्ही स्वतःला काय विचारलंत?’ रेणुकादासांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘रात्री गॅस बंद केला होता का.’

दुसऱ्या पानावर होतं, ‘तुमच्या आत दडलेला मुलगा तुम्हाला काय सांगतो?’ त्यांनी लिहिलं, ‘माझा मुलगा कुठंही दडलेला नाही. रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसात आहे. सहाला घरी येतो.’

तिसऱ्या पानावर होतं, ‘तुम्हाला नेमकं काय हवं आहे?’ ह्याचं उत्तर त्यांना येत होतं. पण ते वहीत लिहून काय उपयोग? गेलेलं माणूस अर्ज केल्यानं परत येत नाही. त्यांनी वही मिटली आणि हलणाऱ्या मिक्सरखाली सारली.

वही पाठवली होती लातूरच्या क्लासनं. रेणुकादासांची नात मनस्विनी, घरातली मनू, तिथं डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. त्या क्लासात फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी होतंच, आणि शिवाय रोज एक पान हेतूचं लिहावं लागायचं. पोरांनी लिहायचं, सरांनी लाल पेनानं तपासायचं. आता घरच्यांनीही लिहावं असं निघालं होतं.

“अण्णा, लिहून तर बघा,” मुलगा अनय म्हणाला. “आई गेल्यापासून तुम्ही कोणाशी बोलून नाही राहिले. मन मोकळं होईल.”

“मोकळंच आहे,” रेणुकादास म्हणाले. “रिकामं म्हणतात त्याला.”

रेणुकादासांनी मुखेड तालुक्यातल्या शाळांमध्ये एकतीस वर्षं मास्तरकी केली होती. रोजच्या धड्याचं टाचण काढायचं, आणि त्यात एक रकाना असायचा, उद्दिष्ट. तिथं एकतीस वर्षं त्यांनी लिहिलं, ‘विद्यार्थ्यांना पाठातील मध्यवर्ती कल्पना समजेल.’ साहेब यायचे, रकाना भरलेला आहे का तेवढं बघायचे, सही करायचे, चहा प्यायचे. मध्यवर्ती कल्पना एकाही पोराला समजली नाही. जे शिकले ते रकान्याच्या बाहेर शिकले. त्यामुळे उद्दिष्ट ह्या शब्दाबद्दल रेणुकादासांना जेवढा आदर होता तेवढाच हेतूबद्दल होता. आता जगण्यालाही टाचण आलं, एवढंच त्यांना कळलं.

पण पोरीचा हेतू वहीतून निघालेला नव्हता. तो कुठून निघाला हे रेणुकादासांना पक्कं माहीत होतं, आणि ते नऊ महिने गप्प होते.

त्यांच्या पत्नी विमलबाई मे महिन्यात गेल्या. मेंदूत रक्त साकळलं. चार दिवस दवाखान्यात होत्या, डोळे अर्धवट उघडे, तोंडातून एक शब्द नाही. पाचव्या दिवशी गेल्या. दहाव्याला सगळे गोदावरीच्या घाटावर जमले. पिंड मांडला आणि कावळ्याची वाट बघत बसले. कावळा काही येईना. झाडावर दहा-बारा बसलेले, पण खाली एक उतरेना.

मग सुरू झालं ते सुरू झालं. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असली तर कावळा शिवत नाही, म्हणून जो तो हात जोडून विमलबाईंना शब्द द्यायला लागला. बहीण म्हणाली, “विमल, तुझ्या पाटल्या सुनेच्याच हातात जातील गं.” कावळा हलला नाही. सून म्हणाली, “आई, अण्णांचं पथ्यपाणी मी बघीन.” नाही. कोणी म्हणालं काशी, कोणी म्हणालं तुळजापूर. रेणुकादास बाजूला पायरीवर बसून ऐकत होते. जिला बेचाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुला काय पाहिजे, तिला आता कावळ्याकडून विचारणं चाललं होतं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. ते दर्भाचा कावळा वळायला लागले.

तेवढ्यात अनय पुढं आला. डोळ्यात पाणी, हात जोडलेले. “आई,” म्हणाला, “मनूला मी डॉक्टर करीन. शब्द देतो.”

आणि कावळा शिवला.

बायका रडायला लागल्या. अनय पायरीवर मटकन बसला. सगळ्यांनी तिथंच ठरवून टाकलं की विमलबाईंची हीच इच्छा होती.

रेणुकादासांनी मात्र दुसरंच पाहिलं होतं. शेजारी दुसऱ्या एका घराचा पिंड होता, श्रीमंत घर, पिंडावर जिलेबी ठेवलेली. सगळे कावळे त्या जिलेबीवर टपलेले. एक उतरला आणि चोच मारणार, तेवढ्यात एक कुत्रं तिथं घुसलं. लोक काठी घेऊन धावले, कावळा दचकून उडाला आणि दोन हातांवर जो भात दिसला त्यावर टेकला. तो भात विमलबाईंचा. एक शीत उचललं आणि गेला. अनय शब्द देत होता तेव्हा हे झालं. अनयनं कांद्याची भजी तळून घालीन म्हटलं असतं तरी तो तेव्हाच उतरला असता.

ते तिथंच बोलायला पाहिजे होतं. पण ऊन चव्वेचाळीस डिग्री होतं, दहा दिवस त्यांनी धड झोप पाहिली नव्हती, आणि त्यांना घरी जायचं होतं. म्हणून बोलले नाहीत. नंतर सगळ्यांना इतकं बरं वाटत होतं की मग बोलवेना.

जूनमध्ये मनूला लातूरला नेऊन टाकलं.

फेब्रुवारीत क्लासचा मेळावा निघाला. क्लासचे सर्वेसर्वा सी. बी. सर ह्यांनी मनूचं एक पान निवडलं होतं. ती ते स्टेजवर वाचणार, आणि आजोबांनी शेजारी उभं राहून आशीर्वाद द्यायचा. अनयला मूठभर मांस चढलं. रविवारी सकाळी त्यानं गाडी काढली. सुनेला शाळेत परीक्षेची ड्युटी लागली होती, म्हणून दोघंच निघाले.

“अण्णा, दोनच वाक्यं बोला. आईचं नाव घ्या. बस.”

“आणि तिसरं वाक्य आलं तर?”

“येऊ देऊ नका ना,” अनय म्हणाला.

मनू राहत होती ते घर नीलम्मांचं. उदगीरकडच्या बाई, सात मुलींना खोल्या देऊन दोन वेळा जेवू घालायच्या. अनय गाडी लावायला जागा शोधत गेला, तोवर नीलम्मांनी रेणुकादासांना ओट्यावर बसवलं.

“अय्यो, तुम्ही मनूचे आजोबा का? बरं झालं आलात की. पोरगी जेवत नाही बघा. लिहीत बसते. मी म्हटलं, काय गं लिहितीस एवढं, कोर्टाचं काम आहे का?”

“सरांचं काम आहे.”

“कोण, तो चन्नबसप्पा?” नीलम्मा हसल्या. “आमच्याच गावचा की तो. बापाचं बांगड्यांचं दुकान होतं. लई चांगला माणूस, बायकांच्या हाताला कधी काच लागू दिली नाही. हा आता सी. बी. झाला. बापानं ठेवलेलं नाव ज्याला झेपलं नाही, तो दुसऱ्याच्या पोरांना सांगतो तू कोण म्हणून.”

रेणुकादासांना नऊ महिन्यांत पहिल्यांदा कोणाचं तरी बोलणं पटलं.

मनू वरच्या खोलीत पलंगावर बसली होती. वाळली होती. डोळ्यांखाली काळं. मांडीवर तीच निळी वही.

“दाखव,” रेणुकादास म्हणाले.

“नको अण्णा.”

“हजार माणसांपुढं वाचणार आहेस, आणि मला नको?”

तिनं वही दिली. ते सुरुवातीपासून वाचायला लागले. पहिल्या दिवशी ‘माझा हेतू काय?’ ह्याखाली तिनं लिहिलं होतं, ‘माहीत नाही.’ पुढं लाल पेनानं, ‘खोलात जा.’ दुसऱ्या दिवशी, ‘खरंच माहीत नाही. आज मेसमध्ये वांगं होतं.’ लाल पेन, ‘टाळाटाळ! खोलात जा.’ बाराव्या दिवशी, ‘आजीची आठवण येते. दुपारी मी तिला पेपर वाचून दाखवायचे. ती मध्येच झोपायची, मी थांबले की डोळे न उघडता म्हणायची, वाच की, ऐकून राहिले मी.’ रेणुकादासांनी ते दोनदा वाचलं. खाली लाल पेन, ‘भावना छान. पण हेतू कुठे? खोलात जा.’

पान उलटावं तसतसं ते खोल खोल चाललं होतं. विसाव्या दिवशी आजी आजारी पडली. चोविसाव्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर वेळेवर आले नाहीत. एकोणतिसाव्या दिवशी डॉक्टर आलेच नाहीत. आणि एकतिसाव्या दिवशी लिहिलं होतं, ‘आजीनं माझा हात धरला आणि शेवटचे शब्द बोलली. मनू, तू डॉक्टर हो. माझ्यासारखं कोणी मरायला नको.’ लाल पेनानं अख्खं पान भरून, ‘सापडला!!!’ आणि तीन चांदण्या.

“हे कधी म्हणाली?” रेणुकादासांनी विचारलं.

मनूनं वही परत घ्यायला हात पुढं केला.

“चार दिवस मी तिच्या उशाशी होतो, मनू. पाणी पाहिजे एवढंसुद्धा तिला म्हणता आलं नाही. आणि डॉक्टर तीन होते. रात्रभर होते बिचारे.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“मग काय करू?” मनूचा आवाज चढला. “रोज लिहायचे, खोलात जा, खोलात जा. किती खोल जाऊ? खाली काहीच नव्हतं, अण्णा. बाकीच्या पोरींना सापडलं. कोणाचे बाबा वारले होते, कोणाची गाय. मला सापडेना, म्हणून मला वर्गात उभं केलं. मग मी आजी घातली. दुसऱ्या दिवशीपासून खाली बसवायला लागले.”

“लातुरात आठशे फूट बोअर मारलं तरी फुफाटाच लागतो,” रेणुकादास म्हणाले. “त्यात त्या जमिनीची काय चूक?”

ती हसली नाही. “पण खोटं पूर्ण खोटं नाही ना. आजीची इच्छा तर होतीच. कावळा शिवला होता. बाबा रोज सांगतात फोनवर, की शब्द दिलाय आपण, मनू.”

इथं रेणुकादासांना थांबता आलं असतं. अनय अजून आला नव्हता. त्यांनी पलंगाच्या कडेवर बसून तिला सगळं सांगितलं, जिलेबी, कुत्रं, काठी.

मनू ऐकत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही पाहिलं होतं?”

“हाव.”

“आणि बोलला नाहीत?”

“ऊन लई होतं. घरी जायचं होतं.”

“घरी जायचं होतं,” ती म्हणाली. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की एकतीस वर्षांत कुठल्या साहेबानं तसं पाहिलं नव्हतं. “मला पण आठ महिने घरी जायचंय, अण्णा. मी जाते का मग?”

खालून अनयनं हाक मारली. मनूनं ओढणी घेतली, वही घेतली आणि त्यांच्याकडे न बघता जिना उतरली. एवढ्यानं आपण सुटलो असं रेणुकादासांना वाटलं नाही. पोरीला सांगणं सोपं होतं. शब्द तिनं दिला नव्हता, तिच्या बापानं दिला होता, आणि बापाला सांगितल्याशिवाय ती त्या खोलीतून निघणार नव्हती.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. जिथं लग्नाची खुर्ची असते तिथं मोठा फलक लावलेला, आणि त्यावर हार घातलेला विमलबाईंचा फोटो. रेणुकादास दारातच थांबले. तो फोटो पुतण्याच्या लग्नातला. भातात खडे निघाले म्हणून विमलबाई आचाऱ्याची खरडपट्टी काढत होत्या, तेव्हा कोणीतरी काढलेला. इथं आचारी कापून टाकला होता.

“बघा हा चेहरा,” माइकवर सी. बी. सर सांगत होते. चाळिशीचा माणूस, पांढरा कोट, कानाला काळा माइक. “ह्या डोळ्यांत काय दिसतं? नातीसाठी पाहिलेलं स्वप्न दिसतं!”

दिसत होता तो आचाऱ्यावरचा राग.

“मित्रांनो, गाडी आहे, पेट्रोल आहे, पण जायचं कुठं माहीत नाही. असं तुमचं आहे! लिहा! रोज लिहा! आत बघा!” मागं संगीत सुरू होतं. पुढच्या रांगेतल्या आया डोळे पुसत होत्या. रेणुकादासांना वाटलं, ह्यांच्यापेक्षा तो घाटावरचा कावळा बरा. त्यानं निदान भाषण केलं नाही.

मनूचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली. रेणुकादासांना दोन पोरांनी हाताला धरून वर नेलं, जसं काही ते पडायलाच आले होते. सरांनी माइक त्यांच्या तोंडाशी धरला. “आजोबा, आशीर्वादाचे दोन शब्द.”

“चन्नबसप्पा,” रेणुकादास म्हणाले. “बापानं ठेवलेलं नाव चांगलं आहे की तुमचं. लाजू नका.”

सरांचं हसू एका बाजूनं थोडं खाली आलं. समोर अनय मोबाइल धरून चित्रण करत होता. रेणुकादास त्याच्याकडेच बघून बोलले.

“अनय, तुझी आई शेवटचे चार दिवस एक शब्द बोलली नाही. मनूनं लिहिलंय ते ह्या सरांनी तिच्याकडून वदवून घेतलंय. आणि घाटावर कावळा तुझ्या बोलण्यानं नाही शिवला. शेजारच्या जिलेबीवर कुत्रं आलं, म्हणून तो उडून आपल्या भातावर बसला. मी पाहिलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मला घरी जायची घाई होती. चूक माझी आहे. पोरीला मोकळं कर.”

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. अनयचा मोबाइल हळूहळू खाली आला.

रेणुकादासांना वाटलं, आता हा तंबू कोसळेल. पण ते सी. बी. सरांना ओळखत नव्हते. सरांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि माइक स्वतःकडे घेतला.

“टाळ्या!” ते म्हणाले. “पंचाहत्तराव्या वर्षी हा माणूस आज खोलात गेला! नऊ महिन्यांचं ओझं उतरवलं! ह्याला म्हणतात आत बघणं!”

आणि टाळ्या पडल्या. माणसं उभी राहिली. रेणुकादास सत्तरीचेसुद्धा नव्हते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण माइक त्यांच्यापासून लांब होता, आणि संगीत परत लागलं होतं.

मनू सरांच्या कानाजवळ जाऊन म्हणाली, “मी वाचणार नाही. मी ते बनवून लिहिलंय.”

कानाच्या माइकनं तेही सगळ्यांना ऐकवलं.

“आणि ही पण!” सर ओरडले. “एकाच घरातली दोन माणसं!” परत टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं उठून मनूच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मनूनं वही सरांच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरून चालायला लागली. रेणुकादास तिच्या मागून निघाले. आता कोणी त्यांना हाताला धरलं नाही. ते दारात पोचेपर्यंत सरांनी पुढच्या मुलीला बोलावलं होतं.

अनय गाडीपाशी उभा होता.

“हजार माणसांत, अण्णा? घरी नाही सांगता आलं?”

“घरी तू ऐकलं असतंस?”

“तो प्रश्नच नाही. मी आईला शब्द दिला होता. मी त्या शब्दावर झोपलो नऊ महिने. रात्री दोन-दोन वाजता जाग यायची, की मी तिला एका दिवसानं उशिरा दवाखान्यात नेलं. मग मी म्हणायचो, जाऊ दे, निदान तिची इच्छा तर आपण पूर्ण करून राहिलो.” त्यानं तोंड पुसलं. “आता तुम्ही म्हणता कुत्रं होतं.”

रेणुकादासांना हे माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माहीत नव्हतं.

“उशीर नव्हता झाला,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. आदल्या दिवशी नेलं असतं तरी तेच होतं.”

“हे पण आत्ता सांगता?”

“हाव. आत्ताच सांगतो.”

अनयनं गाडीच्या टपावर हात ठेवला. “मग आईला काय पाहिजे होतं?”

“मला माहीत नाही,” रेणुकादास म्हणाले. “मी विचारलं नाही कधी.”

मनू बाजूला उभी होती. अनय तिच्याकडे वळला. काहीतरी समजावून सांगायला त्यानं तोंड उघडलं, सरांची सगळी वाक्यं त्याच्या तोंडात असणार. पण तिच्याकडे बघून ती बाहेर आली नाहीत.

“परीक्षा तीन महिन्यांवर आहे,” एवढंच तो म्हणाला.

“द्यायची की नाही ते मी घरी गेल्यावर सांगीन,” मनू म्हणाली. “इथं राहून नाही सांगणार.”

“आणि नाही म्हणालीस तर?”

“तर नाही.”

अनयनं किल्ली बोटात फिरवली, दोनदा, तीनदा. मग म्हणाला, “जा, सामान आण.”

नीलम्मांनी निघताना डब्यात धपाटे दिले आणि पोरीला म्हणाल्या, “जेव आधी. मग काय शोधायचं ते शोध.” मनू मागच्या सीटवर बसली. चाकूर यायच्या आत चार धपाटे खाऊन तोंड उघडं टाकून झोपली.

अहमदपूरच्या पुढं अनयनं हळूच विचारलं, “उद्या काय करणार ही?”

“उठेल,” रेणुकादास म्हणाले.

“आणि परवा?”

“परवा पण उठेल.”

“तुम्हाला सगळ्याची थट्टाच सुचते,” अनय म्हणाला आणि त्यानं गिअर बदलला.

रेणुकादासांना थट्टा सुचत नव्हती. घरी गेल्यावर हे सगळं कोणाला तरी पहिल्यापासून सांगावं, असं त्यांना फार वाटत होतं. तो पांढरा कोट, कापलेला आचारी, नीलम्मांचं बोलणं. विमलबाई पोट धरून हसल्या असत्या, आणि मग म्हणाल्या असत्या, माणसांत बोलायची ही काय रीत झाली का तुमची. मागं मनू झोपेत कुशीवर वळली आणि तिची पिशवी सीटवरून घसरली. रेणुकादासांनी हात लांब करून ती धरली आणि नांदेड येईपर्यंत तशीच धरून ठेवली.